खाली पडलेला चिमटा

वकिलीच्या धंद्यात आम्ही साक्षीदार नाना परींचे पाहिले आहेत. बोलके, घुमे, पढविलेले, ऐन वेळी उलटणारे. परंतु जो डोळ्यांना दिसत नाही, समन्स काढले तरी हजर होत नाही, आणि आठवड्यानंतर आपला जबाब भलत्याच माणसाच्या देहावर लिहून जातो, अशा साक्षीदाराशी आमचा परिचय व्हावयाचा राहिला होता. तो आमच्या पुतणीने करून दिला. ती येथे ग्वाल्हेरीतच परिचर्येचा अभ्यास करते आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे पाठ आमच्या बैठकीत येरझारा घालीत मोठ्याने म्हणते. पुस्तक इंग्रजीत, बाईंचे विवरण हिंदीत आणि उजळणी मराठीत. त्यामुळे लष्करातल्या आमच्या घरात एकाच जंतूला तीन तीन नावे पडली आहेत. आरोपीची उपनावे लिहिण्याची आम्हांस सवय असल्यामुळे याचा विशेष त्रास होत नाही.

या शहराला हा विषय परका नव्हे. जयारोग्य रुग्णालय संस्थानी अमदानीतले. गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ साली निघाले. तथापि ज्या घरांतून डॉक्टर बाहेर पडले, त्याच घरांतून परिचारिका होण्यास निघालेल्या मुलीला पुष्कळ दिवस नाके मुरडून निरोप मिळत असे. आमच्या वहिनींनीही प्रथम मुरडले. आता त्याच भाजी निवडण्यापूर्वी मुलीकडे हात दाखवितात.

हात दाखविण्याचे कारण तिचे पहिले प्रात्यक्षिक. अगारच्या बशीत न धुतलेले बोट टेकवावयाचे, शेजारी धुतलेले टेकवावयाचे, आणि बशी उबेत ठेवून दुसऱ्या दिवशी पाहावयाचे. (हा अगार म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला चायना ग्रास. तो प्रयोगशाळेत १८८१ साली आणला तोही एका गृहिणीनेच. फॅनी हेस तिचे नाव. पतीचे जिलेटीन उन्हाळ्यात वितळून जाई, तेव्हा तिने आपल्या मुरंब्यांची युक्ती सुचविली.) पुतणीच्या बशीत धुतलेल्या बोटाखाली ठिपके अधिक उगवले. ती रडकुंडीस आली. मग बाईंनी सांगितले की घाईघाईने ओले केलेले हात कातडीच्या आतल्या बिऱ्हाडकरूंना नुसते दारापर्यंत आणून सोडतात.

आमच्या आजीच्या सोवळ्याची आठवण येथे होणे स्वाभाविक आहे आणि पुष्कळजण ती मोठ्या अभिमानाने काढतात: पाहा, आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते! आम्हांस हा दावा टिकण्यासारखा वाटत नाही. सोवळे विचारी की शिवले कोण. ऑटोक्लेव्ह विचारतो की शिवले कशाला. आजीचे ओले नेसू कोणा पाहुण्याच्या सावलीने बाटत असे, आणि त्याच विहिरीच्या पाण्याने विषमज्वर घरात येई तो कोणालाच बाटल्यासारखा वाटत नसे. पंधरा पौंड दाबाखाली १२१ अंशांवर पंधरा मिनिटे वाफ घेतलेला चिमटा ब्राह्मणाच्या हातून जमिनीवर पडला तरी ओवळाच होतो.

चिमट्याची गोष्ट निघाली ती धनुर्वाताच्या पाठात. हा जंतू मातीत आणि शेणात राहतो. संकटकाळी एका टोकाला गोल बीजाणू धरून बसतो, तेव्हा तो ढोल बडविण्याच्या टिपरीसारखा दिसतो. उकळत्या पाण्यातही तो काही काळ तग धरतो. हे ऐकून आम्ही पुतणीला मुल्कोवालचा खटला सांगितला. वस्तुतः तो खटला नव्हे, चौकशी. परंतु आम्ही वाचलेल्या पुष्कळ निकालपत्रांपेक्षा ती आम्हांस अधिक शिकवून गेली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत ग्रंथिज्वर ओळखला तो गोव्याच्या हडफडे गावचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. त्यावर लस तयार केली ओडेसाहून आलेल्या वाल्डेमार हाफकिन यांनी, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत. आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे परळला प्रयोगशाळा झाली आणि तेथून लशीच्या कुप्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी एकशे सात माणसांना लस टोचली गेली. त्यांपैकी ५३-एन या एकाच कुपीतून ज्या एकोणीसजणांना टोचले, ते एकोणीसही धनुर्वाताने मेले.

चौकशी समितीचे अध्यक्ष मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स. हाफकिन यांनी कार्बोलिक आम्ल घालण्याची ठरलेली रीत सोडून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली होती, हे समितीच्या नजरेत भरले, आणि कुपी परळलाच दूषित झाली असावी असे तिचे मत पडले. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. आता पुराव्यातली दुसरी बाजू पाहा. कुपी उघडताना तिचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता बुचकळून पुन्हा वापरला गेला. कुपी उघडली तेव्हा तिला वास आला नव्हता; धनुर्वाताचा जंतू परळपासून आत वाढत आला असता तर ती कुबट घाण लपली नसती. शिवाय रोग दिसावयास आठवडा लागला. मुरलेले विष टोचले गेले असते तर ते इतके दिवस थांबते ना. हे मुद्दे कागदावरच होते. ते जगापुढे मांडण्यास रोनाल्ड रॉस आणि त्यांच्या सोबत्यांना १९०७ चे 'टाइम्स' गाठावे लागले, आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले.

पुतणीने हे सारे ऐकले आणि विचारले, "म्हणजे काका, मेला तो मदतनीसच ना? साहेब सुटले."

हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता असे नाही, परंतु इतक्या कमी शब्दांत कधी आला नव्हता. आम्ही तिला रॉस यांच्या पत्रातील एक बारकावा दाखविला. चिमटा कसा शुद्ध करावयाचा याची जी रीत प्रयोगशाळेने घालून दिली होती, ती प्लेगच्या अधिकाऱ्यांनीच रद्द केली होती. सोय पाहून केली. तेव्हा हात मदतनिसाचा, चिमटा कोणाचाही, आणि सोय कचेरीची. कायद्यात आम्ही याला कारणांची साखळी म्हणतो, आणि तिची शेवटची कडी सर्वांत जवळ असल्यामुळे ओढणाऱ्याच्या हाती नेहमी तीच लागते. रुग्णालयांतही चौकशी झाली म्हणजे प्रथम परिचारिकेला आणि वॉर्डबॉयला बोलाविणे येते.

तिच्या प्रश्नाला कारण होते, हे मागाहून कळले. ज्या रुग्णालयात ती शिकावयास जाते तेथे (नावाचे येथे प्रयोजन नाही) मलमपट्टीच्या वेळी एका वरिष्ठांच्या हातून चिमटा फरशीवर पडला. त्यांनी तो उचलून स्पिरिटच्या बोळ्याने पुसला. रोगी वृद्ध, मधुमेही, पायाची जखम उघडी. दुसरा संच वाफेतून यावयास वेळ होता आणि पाठीमागे अकरा रोगी ताटकळत होते. घाई खरी होती. त्या बाई काही दुष्ट नव्हेत. पुतणी म्हणाली, "सिस्टर, तो पडलेला आहे." जे सर्वांनी पाहिले ते मोठ्याने बोलल्याबद्दल तिला तेथेच बोलून घ्यावे लागले. चिमटा मात्र बदलला गेला, चाळीस मिनिटांनी.

रात्री तिने आम्हांस विचारले की हे वॉर्डच्या वहीत लिहावे काय. लिहिले तर बाईंना बट्टा. न लिहिले आणि उद्या जखम चिघळली तर कोणाचा हात होता हे कोण सांगणार? वहिनींचे मत पडले की गप्प बसावे, अजून दोन वर्षे काढावयाची आहेत. आम्ही नाव न घालता वेळ, वस्तू, काय बदलले आणि संच कमी असल्यामुळे किती खोळंबा झाला एवढेच लिही असे सुचविले. संचांची कमतरता हीच कोणाच्या तरी टेबलावर जावयास हवी होती. तिने दोन ओळींचा मसुदा केला. आम्ही त्यातले एक विशेषण खोडले. सकाळी ती जाताना विचारीत होती की दहा वाजून चाळीस मिनिटे असे अक्षरी लिहावयाचे की आकड्यांत.