पिकेपर्यंत

उन्हाळ्याच्या शेवटी कर्जत स्टेशनबाहेर ठाकर आणि कातकरी बायका रानमेवा घेऊन बसतात. करवंदं, जांभळं, आळू, आणि एखाद्या टोपलीच्या कोपऱ्यात थोडी टेंभरं. लिंबाएवढं पिवळट फळ, साल जाड, देठाशी वाळक्या पाकळ्यांची टोपी. एका वर्षी मी त्यातलं एक उचलून सोलायला लागले, तर विकणाऱ्या मावशीने माझा हात धरला. म्हणाली, "आज नको खाऊ, ताई. जीभ बांधंल. दोन दिस पेंढ्यात ठेव, मंग खा."

गेली कित्येक वर्षं मी कर्जतला घरगुती खानावळ चालवते. फळं रांधण्याबद्दल जे काही शिकले, त्याचं मूळ त्या एका वाक्यात आहे.

टेंभरं म्हणजे टेंभुर्णीची फळं. टेंभुर्णीचं पान सगळ्यांना माहीत आहे, कारण त्याची विडी वळतात. सोलापूर जिल्ह्यातलं टेंभुर्णी हे गावही पुणे-सोलापूर रस्त्यावर सगळ्यांना भेटतं. फळाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. आणि दिवाळीच्या सुमारास हिमाचलहून मुंबईच्या बाजारात येणारं, शेंदरी, तुकतुकीत, ज्याला विक्रेते जपानी फळ किंवा पर्सिमन म्हणतात, ते याच टेंभुर्णीचं भावंड आहे, हे तर कुणाच्या गावीही नसतं. दोन्ही डायोस्पायरोस कुळीतली. काळं आबनुसी लाकूड देणारी झाडंही त्याच कुळीतली. जपानी फळाची देठाकडची चार पाकळ्यांची टोपी पाहिली की मला स्टेशनबाहेरची टोपली आठवते.

पर्सिमन घेताना आकार बघावा. टोमॅटोसारखं चपटं असतं ते फुयू. ते कडक असतानाच गोड लागतं, सफरचंदासारखं कापून खाता येतं. खाली निमुळतं होत गेलेलं, बैलाच्या हृदयासारखं असतं ते हाचिया. ते कडक असताना तोंडात घालू नये. पहिल्यांदा हाचिया आणली तेव्हा रंग बघून मला वाटलं, पिकलीच आहेत. किसून, तूप-साखर घालून शिरा केला. शिजताना वास छान सुटला, आणि पहिल्या घासाला जीभ, टाळू, हिरड्या सगळं आवळून आलं. किलोभर रवा आणि तूप वाया गेलं.

आंबट असतं तर साखर घालता आली असती, तिखट असतं तर खोबरं. तुरटाला असा उतारा नाही. कच्च्या फळातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. फळ पिकत जातं तसं ते टॅनिन एकमेकांत गुंतून घट्ट होतं, लाळेत विरघळत नाही, आणि आधीपासूनच असलेली साखर जिभेला कळू लागते. म्हणजे तुरटपणा फळातून जात नाही, तो बांधला जातो. अर्धवट पिकलेलं फळ चुलीवर ठेवलं तर ही गाठ सुटते आणि तुरटपणा परत येतो. कच्चं फळ रिकाम्या पोटी भरपूर खाल्लं तर पोटात त्याचा घट्ट गोळाही होऊ शकतो, म्हणून मुलांना ते देऊ नये.

मग मी मावशीचं ऐकलं. आमच्याकडे आंब्याची आढी लावायचा पेंढा असतोच. हाचिया देठ खाली करून पेंढ्यात एका थरात ठेवली, मध्ये दोन पिकली केळी. आठवड्याने फळ हातात घेतलं तर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत, साल अर्धपारदर्शक. टोपी उपटली आणि चमचा घातला. आत जेलीसारखा गर, मधासारखा गोड.

या गराचं मी सांदण करते. आपल्याकडे फणसाचं करतात तसंच. एक वाटी भाजलेला तांदळाचा रवा, दीड वाटी गर, अर्धी वाटी नारळाचं दूध, दोन चमचे गूळ, चिमूटभर मीठ. अर्धा तास भिजवून वीस मिनिटं वाफवायचं. गर पूर्ण पिकलेला हवा, एवढीच अट. लाल भोपळ्याच्या घारग्यांतही हा गर चालतो. आणि न शिजवता करायचं असेल तर दोन वाट्या गर एक वाटी थंड दुधात घुसळून फ्रिजमध्ये ठेवावा. फळातलं पेक्टिन आणि दुधातलं कॅल्शियम मिळून काही तासांत ते खरवसासारखं थुलथुलीत जमतं. फुयूची मात्र कोशिंबीर करावी: बारीक चिरून दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू, वर हिंग-मोहरीची फोडणी.

जपानात हाचियासारखी तुरट फळं सोलून दोरीला टांगतात, अधूनमधून हाताने हळुवार चोळतात. महिनाभराने अंगावर साखरेची पांढरी भुकटी येते. कच्च्या फळाचा तुरट रस ते कागदाला लावतात, पूर्वी मासेमारीच्या जाळ्यांनाही लावत, पाणी लागू नये म्हणून. बंगालातही टेंभुर्णीचंच भावंड असलेल्या गाबाच्या रसाने होड्या आणि जाळी राखत आले आहेत. आपल्या रायगडातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायली घरांना जपानी फळ शारोन फळ म्हणून भेटतं. तिथे ते कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवून तुरटपणा काढतात, म्हणून कडक असतानाही खाता येतं. पण तेही तापवलं तर तुरटपणा डोकावतो.

टेंभरं मी शिजवत नाही. गर थोडा आणि बिया फार. दोन दिवस पेंढ्यात ठेवायची, साल दाबून फोडायची, आणि चिकूच्या चवीचा तो पिठूळ गर बियांवरून चोखून खायचा. त्यापेक्षा चांगलं त्याचं काही होत नाही.

कर्जत-खोपोलीकडे आलात आणि टोपलीत टेंभरं दिसली, तर भाव न पाडता घ्या. आणि विकणारीला एक प्रश्न जरूर विचारा: हे कधी खायचं? ती सांगेल तेवढे दिवस थांबा.