हिरव्या पाण्यावरची भाजी

उन्हाळा चढला की अनेक तळी, शेततळी हिरवी पडतात आणि वाऱ्याने ढकललेला दाट थर एका काठाला साचतो. ते पाणी कुणी पीत नाही. पण मोटर सुरू केली की तेच पाणी तुषार सिंचनातून पालक-कोथिंबिरीवर पडतं. पाण्यातल्या जैविक विषांचा अभ्यास करणाऱ्या माझ्यासारख्यांना धास्ती वाटते ती या वाटेची.

नील-हरित शेवाळं, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, सरसकट घातक नाहीत. भातखाचरात हवेतला नत्र पिकाला मिळतो तो त्यांच्यामुळे, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्येच दाखवून दिलं. अझोलाच्या पानांतही त्यांचीच एक जात वस्तीला असते. मात्र सांडपाणी आणि खतांतून नत्र-स्फुरद भरपूर मिळालं, पाणी तापलं आणि संथ राहिलं, की मायक्रोसिस्टिससारख्या जाती माजतात. त्यांतले अनेक वाण मायक्रोसिस्टिन नावाचं यकृत पोखरणारं विष तयार करतात. उकळूनही ते नष्ट होत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराच्या नळांना ते आलं, तेव्हा पाणी उकळून पिऊ नका, असंच लोकांना सांगावं लागलं. ब्राझीलमधल्या कारुआरूत १९९६ मध्ये डायलिसिसच्या पाण्यातून ते थेट रक्तात गेलं आणि पन्नासहून अधिक रुग्ण दगावले.

हे विष पेशींतल्या प्रोटीन फॉस्फटेज या विकरांना जखडून टाकतं. ही विकरं वनस्पतींतही असतात आणि तिथेही विषाचा परिणाम तसाच होतो, असं स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांना १९९० मध्ये आढळलं. म्हणूनच विषाची मात्रा जास्त असलेल्या प्रयोगांत रोपांची वाढ खुंटते, मुळं आखूड राहतात. पाण्यात बुडून वाढणाऱ्या सेराटोफायलमसारख्या पाणवनस्पती विष शोषतात, पण त्याला ग्लुटाथायोनची जोड देऊन त्याचा जोर कमीही करतात.

मग आपल्या ताटाचं काय? डंडीच्याच जेफ्री कॉड आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसवर मायक्रोसिस्टिसयुक्त पाणी फवारलं. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष साधा आणि अस्वस्थ करणारा होता: शेवाळाच्या पेशी, त्यांचे पुंजके आणि विष हे सारं पानांवर टिकून राहिलं. फिनलंडमध्ये ब्रोकोली आणि मोहरीला असंच पाणी दिलं, तेव्हा विष मुळांत सापडलं, वरच्या भागात नाही. म्हणजे पाणी कुठलं, याइतकंच ते पिकाला कसं दिलं आणि आपण पिकाचा कोणता भाग खातो, हेही महत्त्वाचं ठरतं. जमिनीतले काही जिवाणू हे विष फोडतात. पानांवर पडलेल्या विषाच्या वाट्याला ती चाळणी येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मायक्रोसिस्टिन आयुष्यभर रोज पोटात गेलं, तरी चालेल अशी मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ०.०४ मायक्रोग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम. शंभर ग्रॅम पालेभाजीच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ०.०२४ मायक्रोग्रॅम विष असेल, तर ती मर्यादा तेवढ्या भाजीतच संपते.

हिरवं पाणी दिसलं की अनेकांचा हात मोरचुदाकडे जातो. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणात हाच उपाय झाला. शेवाळं मेली, पेशी फुटल्या आणि आत कोंडलेलं सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन हे दुसरं विष पाण्यात मोकळं झालं. १४८ जण आजारी पडले, त्यांत १३८ मुलं होती. हे विष पाण्यात सहज विरघळतं, त्याचा रेणू मायक्रोसिस्टिनच्या निम्म्याहून लहान, आणि ते मुळांतून पानांपर्यंत पोचू शकतं.

नुसत्या रंगावरून विष आहे की नाही, हे सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. तोवर शेतकऱ्यांनी एवढं तरी करावं: हिरवं पाणी पालेभाजीवर फवारू नये, ठिबकने मुळाशी द्यावं, पाणी उपसताना थर साचलेला काठ आणि पृष्ठभाग टाळावा, तळ्यात मोरचूद टाकला असेल, तर ते पाणी लगेच पिकाला देऊ नये. मुळा-गाजराला तर असं पाणी ठिबकनेही देऊ नये. आणि शासनाने पिण्याच्या पाण्याबरोबर सिंचनाचं पाणीही या विषांसाठी तपासण्याची सोय तालुक्याच्या पातळीवर करावी.