मिठाच्या पिशवीवरची तारीख

२०२२ च्या पेरणीआधी आमच्या मंडळातल्या एका गावी आरोग्य तपासणीचे शिबिर होते. शेती खात्याचा माणूस म्हणून लोक गोळा करायचे काम माझ्याकडे आले. कोणी पुढे होईना, तेव्हा मीच दंडाला पट्टा बांधून घेतला. आकडा आला १५६ वर ९८! १४० वर ९० च्या पुढे रक्तदाब टिकून राहिला की तो वाढलेला धरतात. मला ना डोकेदुखी, ना चक्कर. आणखी दोन दिवस मोजून डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी सुरू केली, मीठ कमी करायला सांगितले.

तीन महिन्यांत वरचा आकडा १३८ वर आला. आता पथ्यावर भागेल, असे म्हणून मी कोणाला न विचारता गोळी सोडली. २०२३ च्या दिवाळीनंतर मोजले तर १६२! घरी सांगितले तेव्हा ही म्हणाली, "अहो, फवारणी अर्ध्यात सोडू नका म्हणून गावभर सांगत फिरता ना?"

मग बाईंकडून हिशेब समजून घेतला. एक गोळी वरचा आकडा साधारण नऊ-दहाने उतरवते. मीठ कमी केले तर चार-पाचने, रोज अर्धा तास झपाझप चालले तर जवळपास तेवढ्यानेच, वजन किलोभर घटले तर एखाद्याने. माणसागणिक फरक पडतो. मला उतरायचे होते तीसने. यातले कुठलेही एकटे पुरणार नव्हते. गोळी पुन्हा सुरू झाली, मोटारसायकल सोडून पहाटेचे चालणेही आले.

सगळ्यात अवघड गेले मीठ. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. लोणचे, पापड, ठेचा यांतले मीठही त्यातच आले. सैंधव चालते असे पुष्कळजण सांगतात. पण तेही मीठच. आम्ही घरात तिघे. किलोची पिशवी ६६ दिवस पुरायला हवी, ती महिन्यात संपत होती!

आता गोळ्यांची पट्टी चहाच्या डब्याशेजारी असते. आकडा १३० च्या आसपास राहतो. नवी पिशवी फोडली की ही तिच्यावर तारीख घालते. मागची ४६ दिवस पुरली.