वाऱ्याने केलेला बॉक

चि. सोहम,



तू फोन केलास तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून सविस्तर लिहिते. तू पाहिलेल्या बेसबॉल सामन्यात चेंडू कुणी टाकला नाही, मारला नाही, तरी तिसऱ्या बेसवरचा रनर आरामात चालत घरी आला आणि तुमचे लोक हरले. त्याला बॉक म्हणतात.

आम्ही कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायचो. त्यात चेंडू हातातून सुटेपर्यंत रनरने बेस सोडायचाच नाही, त्यामुळे ही भानगड नव्हती. बेसबॉलमध्ये रनर आधीच काही पावलं पुढे सरकलेला असतो. पिचर बॅटरकडे टाकतोय असं दिसलं की तो पळतो, बेसकडे वळला की मागे झेपावतो. पिचरने टाकायचं सोंग करून बेसवर फेकलं, तर बिचारा रनर बेस सोडणारच नाही. म्हणून टाकायची हालचाल सुरू केली की पुरी करायची, हात एकत्र आणले की चेंडू टाकण्याआधी पूर्ण थांबायचं आणि ज्या बेसवर फेकायचं तिकडेच पाऊल टाकायचं. चुकलं की सगळे रनर एकेक बेस पुढे. बॅटरला मात्र खुशाल फसवा. त्याचाच तर पिचरला पगार मिळतो!

आता तुझ्याच सॅन फ्रान्सिस्कोतली गोष्ट. ११ जुलै १९६१, कँडलस्टिक पार्क, दोन लीगच्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना. खाडीकाठचं ते मैदान वाऱ्यासाठी बदनाम होतं. नवव्या इनिंगमध्ये दोन रनर बेसवर असताना तिथल्याच जायंट्स संघाचा पिचर स्टू मिलर स्थिर उभा होता. झोत आला, तो हलला, अंपायरने बॉक दिला. वाऱ्याने मिलरला उडवून लावलं अशी दंतकथाच झाली. तो म्हणायचा, जरासा डोललो, इतकंच. गंमत म्हणजे संथ चेंडूंनी भल्याभल्या बॅटरना चकवण्यात त्याचा हातखंडा होता, आणि बॉक मिळाला तो कुणालाही न फसवता. सामना दहाव्या इनिंगमध्ये त्याच्याच लीगच्या संघाने जिंकला, विजयी पिचर म्हणून नावही त्याचंच लागलं.

शंका असेल तर पिचरचा हेतू बघा, असं नियमपुस्तक सांगतं. पण हेतू दिसणार कसा? अंपायरला दिसतात हातपाय. १९८८ साली मेजर लीगच्या नियमात पिचरचं थांबणं अगदी स्पष्ट दिसलंच पाहिजे असा शब्दबदल केला, तर आदल्या वर्षीचे ३५६ बॉक ९२४ वर गेले. त्यातले १६ एकट्या ओकलंडच्या डेव्ह स्टुअर्टचे. पिचर काही एका हिवाळ्यात लबाड झाले नव्हते. पुढच्या वर्षी तो शब्दबदल मागे घेतला.

२०२३ पासून एका बॅटरच्या पाळीत पिचरला पायाखालच्या रबरी पट्टीवरून दोनदाच पाय काढता येतो. तिसऱ्यांदा बेसवर फेकून रनर बाद झाला नाही, तर तोही बॉक. यात फसवणूक कुठली? सामना लवकर संपावा म्हणून केलेली ही सोय. तिला बॉक म्हणणं मला पटत नाही. रनरचं मात्र फावलं: २०२२ मध्ये २,४८६ बेस चोरले गेले, २०२३ मध्ये ३,५०३.

पुढच्या वेळी पिचर डावखुरा असेल तर त्याच्या उजव्या पायावर नजर ठेव. तो पहिल्या बेसकडे तोंड करूनच उभा असतो, त्यामुळे पाय उचलल्यावरही चेंडू कुठे जाणार हे रनरला कळत नाही. पाऊल कुठे पडतं ते बघ आणि अंपायरच्या आधी तूच निकाल दे.

तुझी,
आत्या