खालाचे डोळे

राजिवड्याच्या आमच्या खालाचे डोळे आपोआप मिटू लागले, तेव्हा कुणी नजर लागली म्हटले, कुणी तावीज आणून दिला. आधी पापण्या नुसत्या फडफडत. पुढे कुरआन उघडून बसली की दोन ओळींतच डोळे घट्ट बंद होत. बोटांनी पापणी वर धरून ती तिलावत करायची. चष्मा बदलला, थेंब घातले, फरक पडला नाही. अखेर मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितले, ‘दोष डोळ्यांत नाही. पापण्या मिटणारे स्नायू ऐकत नाहीत. बोटॉक्सचे इंजेक्शन घ्या.’

खाला तडक उठली. ‘नट्या सुरकुत्या घालवायला घेतात ते? या वयात?’

तिच्या कुवेतच्या सुनेने तेच कपाळावर घेतले होते, एका ब्यूटी पार्लरमध्ये, स्वस्तात. एक पापणी महिनाभर खाली लोंबत राहिली. ‘अल्लाहने दिलेला चेहरा बदलायला गेलीस!’ असे खाला तिला सर्वांदेखत बोलली होती. आता ती स्वतः कशी घेणार?

मी वाचू लागले. हे जिवाणूचे विष. दूषित अन्नातून पोटात गेले तर जीव घेऊ शकते. अत्यल्प मात्रेत टोचले तर मज्जातंतूचा निरोप तेवढ्या जागी अडवते आणि स्नायू सैल पडतो. अमेरिकेत १९८९ साली मान्यता मिळाली ती तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या याच आजारासाठी. भुवयांमधल्या आठ्यांची मान्यता २००२ची. म्हणजे औषध आधी, नखरा मागाहून! मलेशियाच्या फतवा परिषदेने २००६ मध्ये सौंदर्यासाठीचे बोटॉक्स हराम ठरवले. आमच्या मौलवीसाहेबांना विचारले, तर म्हणाले, ‘इलाज वेगळा, सजावट वेगळी.’

धोका आहेच. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने, स्नायूंच्या दुबळेपणाचा आजार असलेल्याने हे टाळावे. टोचणारा जाणकार डॉक्टरच हवा. नंतर गिळायला वा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट इस्पितळ गाठावे.

खाला तयार झाली. पाचव्या दिवशी डोळे उघडे राहू लागले. असर तीन-चार महिनेच टिकतो, म्हणून पुन्हा पुन्हा मुंबई गाठावी लागते. पण त्या रमजानमध्ये तिने कुरआन खतम केले, पापणीला बोट न लावता.

मागच्या खेपेला सोबत सूनच गेली. गाडीत खालाने तिच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, ‘तुझी पापणी आता बरी आहे ना गं?’ ते विचारायला तिला दोन वर्षे लागली.