आवाज येतोय का?

डिसेंबर २०२३ मधल्या एका शनिवारी आमच्या कॉलेजच्या सभागृहात आम्ही एक मेळावा भरवला. विषय होता ओपन सोर्स, म्हणजे ज्याची मूळ लिखावट कुणालाही वाचता, बदलता आणि दुसऱ्याला देता येते असं सॉफ्टवेअर. आणि त्यातलंही डोळ्याला न दिसणारं, पायात गाडलेलं. नळाला पाणी आलं की आपल्याला राकसकोप आठवत नाही. नाही आलं की लगेच आठवतो. संगणकाच्या दुनियेतही असे राकसकोप आहेत. सर्व्हर चालवणारं लिनक्स, माहितीची कोठारं सांभाळणारं पोस्टग्रेस, ही त्यातलीच. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. एम. ए. झालेल्या माणसाचा इथे काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संगणक कक्षाची किल्ली घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून ती माझ्याकडे आली, आणि किल्लीमागून बाकीचं सगळं आलं.

सभागृहात साठ-सत्तर मंडळी होती. उद्यमबागेतल्या कारखान्यांत संगणक सांभाळणारी मुलं, दोन-तीन कॉलेजांतले विद्यार्थी, काही हौशी. पुण्या-बेंगळुरूला गेलेले माजी विद्यार्थी आणि खेड्यापाड्यांतली मुलं घरबसल्या जोडली जाणार होती. टेबलावर लॅपटॉप उघडून ठेवला, कॅमेरा सुरू केला, झाला आमचा मेळावा 'हायब्रिड'! संध्याकाळी खुर्च्या उचलताना सहज लॅपटॉपच्या पडद्याकडे लक्ष गेलं. खानापूर तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीनं सकाळी दहा चाळीसला लिहिलं होतं, 'सर, आवाज येत नाही.' अकरा वाजता पुन्हा तेच. मग कन्नडमध्ये तेच. सरांना मराठी दिसलं नसेल तर कन्नड तरी दिसेल, अशी आशा असावी. मग, 'फक्त पंख्याचा आवाज येतोय.' साडेबाराला शेवटचं वाक्य, 'थँक्यू सर.'

ते 'थँक्यू' मला फार लागलं. नंतर कळलं की रेंज मिळावी म्हणून ही पोरगी सकाळभर शेजाऱ्यांच्या माडीवर बसली होती.

बेल्जियममधल्या लुव्हेन गावात माझी मामेबहीण राहते. 'दादा, एकदा येऊन जा की,' असं ती कित्येक वर्षं म्हणत होती. यावेळी मनावर घेतलं, आणि तारखा मुद्दाम अशा निवडल्या की ३ आणि ४ फेब्रुवारी २०२४ हे शनिवार-रविवार तिथं सापडावेत. दर वर्षी थंडीच्या शेवटी ब्रसेल्समध्ये फॉसडेम नावाचा मेळा भरतो. या शतकाच्या अगदी आरंभापासून, म्हणजे २००१ पासून तो भरत आला आहे. जगभरची ओपन सोर्सवाली मंडळी तिथं जमतात. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. त्यामुळे किती माणसं आली हे नेमकं कुणालाच ठाऊक नसतं. आठ हजारांच्या आसपास असा अंदाज सांगतात. सगळं काम स्वयंसेवक करतात.

बॅगेत बहिणीसाठी दोन किलो कुंदा घेऊन मी पोहोचलो. हवा म्हणाल तर आपला जुलैमधला झिमझिम पाऊस, आणि कुणीतरी फ्रिजचं दार उघडं टाकलंय असा गारठा.

शनिवारी सकाळी लुव्हेनहून रेल्वेनं निघालो. अर्ध्या तासाचाही प्रवास नाही. पण या अर्ध्या तासात बेळगावच्या माणसाला घरी आल्यासारखं वाटावं असं काही घडतं. निघताना डब्यातली सूचना फक्त डच भाषेत होते. गाडी ब्रसेल्सच्या हद्दीत शिरली की फ्रेंचही बोलायला लागते. लुव्हेन डच भाषकांच्या भागात, ब्रसेल्स कायद्यानंच दुभाषी. रस्त्यांच्या पाट्यांवर दोन नावं, स्टेशनांना दोन नावं. एकाच स्टेशनाचं नाव फ्रेंचमध्ये 'मिदी' आणि डचमध्ये 'झाउद'. ही दोन वेगळी स्टेशनं समजून परके प्रवासी चुकतात म्हणे. एका गावाला दोन नावं असण्याचं आपल्याला काय नवल! मी आपला निवांत बसून होतो.

मेळा भरतो तो विद्यापीठाच्या सोलबॉश आवारात. आदल्या रात्री भावजींनी या विद्यापीठाची गोष्ट सांगितली होती. ब्रसेल्सचं हे मुक्त विद्यापीठ १९६९-७० मध्ये भाषेवरून दुभंगलं. फ्रेंच एकीकडे, डच दुसरीकडे. लुव्हेनचं जुनं विद्यापीठही त्याच सुमारास असंच वेगळं झालं, आणि तिथं ग्रंथालयसुद्धा वाटून घेतलं. क्रमांक विषम असलेली पुस्तकं एकाला, सम असलेली दुसऱ्याला. ऐकून हसू आलं आणि मग येईना. आपल्याकडे भावाभावांत वाटण्या होतात, पण ज्ञानकोशाचा पहिला खंड थोरल्याला आणि दुसरा धाकट्याला, असं कुणी केलेलं मी ऐकलं नाही. वाटणी करणाऱ्यांचं दुःख खरं असेलही. वाचणाऱ्याचं काय झालं असेल, एवढंच मनात आलं.

तर त्याच आवारात हा मेळा. तिथं तुमची भाषा कुठली हे कुणी विचारत नाही. भाषणं इंग्रजीत, आणि ती बहुतेकांची दुसरी किंवा तिसरी भाषा. त्यामुळे व्याकरणाची फिकीर नाही. पोलिश माणूस पोलिश इंग्रजी बोलतो, इटालियन इटालियन इंग्रजी. मी बेळगावचं इंग्रजी बोललो आणि सगळ्यांना कळलं.

७१ नंबरच्या बसमध्ये पाठीला सॅक लावलेल्यांची अशी दाटी होती की 'मुंद होग्री, मुंद' म्हणणारा कंडक्टर तेवढा कमी होता. आवारात पाच-सहा इमारती, त्यांत छोटे-मोठे वर्ग. प्रत्येक वर्गाला एक विषय नेमून दिलेला, आणि त्या वर्गाचा कार्यक्रम त्या विषयातल्याच माणसांनी ठरवलेला. सर्वांत मोठं सभागृह चौदाशे माणसांचं. बाहेर बटाट्याचे तळलेले काप विकणाऱ्या गाड्या, आणि चिखल.

मला ऐकायचं होतं कंटेनरवरचं भाषण. कंटेनर म्हणजे एखादा प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट भरलेला डबा. तो कुठल्याही सर्व्हरवर नेऊन उघडता येतो. दाराशी पोहोचलो तर कागद लावलेला, 'खोली भरली'. आग लागली तर माणसं बाहेर पडली पाहिजेत, म्हणून बसायला जागा उरली नाही की दार बंद. 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' इथं चालत नाही. मी दाराशी थोडा घुटमळलो. दारावरच्या मुलीनं हसून मान हलवली.

तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅप वाजलं. खानापूरची तीच विद्यार्थिनी. आपल्याकडे घड्याळ साडेचार तास पुढे, तिकडे दुपार कलली होती. 'सर, तुम्ही कुठल्या ओळीत आहात? कॅमेऱ्यात दिसत नाही.' मी लिहिलं, बाहेर आहे, जागा नाही. तिचं उत्तर आलं, 'मी आत आहे सर. छान ऐकू येतंय.'

विमान बदलत, हजारो मैल ओलांडून गेलेला मी व्हरांड्यात, आणि ती आत. मग मीही व्हरांड्यातल्या पायरीवर बसून मोबाईलवर तेच भाषण ऐकलं. माझ्यासारखे आणखी दहा-बारा जण तिथं बसले होते. भिंतीपलीकडच्या टाळ्या आधी कानावर यायच्या, मोबाईलमधल्या मागून.

दुपारी मात्र दुसऱ्या एका खोलीत जागा मिळाली, आणि मी वक्त्यापेक्षा मागच्या बाजूकडेच जास्त पाहत बसलो. मागे कॅमेरा, त्याच्याजवळ कानाला हेडफोन लावलेला एक पोऱ्या. वक्त्याच्या लॅपटॉपवरचं चित्र, कॅमेऱ्याचं चित्र आणि गळ्यापाशी लावलेल्या माईकचा आवाज, हे सगळं बाहेर धाडण्यासाठी स्वयंसेवकांनी स्वतः बनवलेल्या पेट्या आहेत. २०२१ आणि २०२२ मध्ये करोनामुळे हा मेळा पूर्णपणे ऑनलाइन झाला होता. २०२१ मध्ये भाषणं आधीच ध्वनिमुद्रित करून घेतली आणि वक्ते प्रश्नोत्तरांना प्रत्यक्ष हजर राहिले. २०२३ मध्ये माणसं पुन्हा आवारात आली, पण दूरच्यांसाठी उघडलेलं दार त्यांनी लावून घेतलं नाही.

पण मला खरं हवं होतं ते यंत्रात नव्हतंच. श्रोत्यांतून कुणीतरी प्रश्न विचारला. वक्ता उत्तर द्यायला लागला, तोच पहिल्या ओळीतली खोलीप्रमुख बाई म्हणाली, 'प्रश्न पुन्हा सांगा.' प्रश्न आम्हा सगळ्यांना ऐकू आला होता. पण विचारणाऱ्यापुढे माईक नव्हता, म्हणून बाहेरच्यांना तो गेला नव्हता. वक्त्यानं प्रश्न स्वतःच्या माईकमध्ये पुन्हा सांगितला, मग उत्तर दिलं. पुढच्या प्रश्नाला वक्ता विसरला, बाईंनी पुन्हा टोकलं. दर वेळी, न कंटाळता. आपल्याकडे पंगतीत चांगला वाढपी असतो ना, ज्याचं लक्ष समोरच्या पानापेक्षा टोकाच्या पानावर असतं, तशी ती बाई. मी वहीत दुसरं काही न लिहिता तेवढंच लिहून घेतलं. यजमानपण कुणाकडे आहे, हे आम्ही डिसेंबरात ठरवलंच नव्हतं.

रविवारी संध्याकाळी आवराआवरीला हात लावा, असं आवाहन झालं. मी बाटल्या गोळा केल्या आणि लुव्हेनची गाडी पकडली.

ऑगस्ट २०२४ मध्ये आम्ही पुन्हा मेळावा घेतला. समितीत एकानं विचारलंच, 'बाहेरच्या वीस-पंचवीस पोरांसाठी एवढा खटाटोप कशाला? यायचं तर इथं या म्हणावं.' मी त्यांना डिसेंबरचा तो पडदा दाखवला. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला होता. ते काही बोलले नाहीत. कॅमेरा जुनाच ठेवला, पैसे आवाजावर घातले. गणपतीच्या मांडवात साऊंड लावणारा आमच्या गल्लीतला एक जण आहे, त्याला बोलावलं. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, 'हॉलमधल्या लोकांना ऐकू जायचंय काय लांबच्यांना, सर? दोन्ही पायजे असतील तर दोन लायनी काढू या.' डिसेंबरात हा प्रश्न आम्हा चार प्राध्यापकांपैकी कुणालाही सुचला नव्हता. त्यानं माईकमधून एक लाईन हॉलच्या स्पीकरला दिली, दुसरी थेट लॅपटॉपला. पंखे माईकपासून दूरचे तेवढेच चालू ठेवले.

दोन विद्यार्थ्यांना दिवसभर फक्त लॅपटॉपपुढे बसवलं, एक मराठी वाचणारा, एक कन्नड. खरं म्हणजे दोघांनाही दोन्ही येतात, पण जबाबदारी ठरवून दिलेली बरी. आणि पहिल्या ओळीत मी. वक्ता प्रश्न पुन्हा सांगायला विसरला की मी हात वर करायचो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पोरं हसायला लागली, पण वक्ते सुधारले.

साडेअकराला, मुसळधार पावसात, लाईट गेली. लॅपटॉप, माईक आणि नेट इन्व्हर्टरवर होतं. हॉलचे स्पीकर नव्हते. मग असं झालं की बाहेरच्यांना अगदी स्वच्छ ऐकू येत होतं, आणि हॉलमधली माणसं पत्र्यावरच्या पावसात कानामागे हात धरून बसली होती. शेवटच्या ओळीतून आवाज आला, 'सर, आवाज येत नाही!' लॅपटॉपपुढचा मुलगा म्हणाला, 'खानापूरला येतोय.' सगळा हॉल हसला. जनरेटर सुरू होईपर्यंतची दहा मिनिटं मागच्या मुलांनी मोबाईल काढून, कानात वायर घालून, बाहेरच्यांतच आपली सोय लावून घेतली.

पोस्टग्रेसच्या भाषणानंतर तिचा प्रश्न आला, कन्नडमध्ये. वाचणाऱ्यानं कन्नडमध्ये वाचला, मग मराठीत सांगितला, वक्त्यानं इंग्रजीत उत्तर दिलं. सर्व्हर बंद पडला तर त्याची नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर तयार कशी ठेवायची, असा तो प्रश्न होता. उत्तर लांबलं आणि चहा गार झाला.

संध्याकाळी साऊंडवाला वायरी गुंडाळायला लागला. लॅपटॉपवर अजून सात-आठ जण होते, आपसात काहीतरी लिहीत बसलेले. बंद करू का, असं मी माईकवर विचारलं.

'बॅडा री सर, अजून पाच मिनिटं,' तिनं लिहिलं. मग लॅपटॉप आणि त्याची तेवढी एक वायर राहू दिली, आणि आम्ही खुर्च्या उचलायला घेतल्या.