ताईची सफर

धार आणि देवास, या दोन्ही पवारांच्या गाद्या. आमचे पूर्वज त्यांच्या मागोमाग दक्षिणेतून घोड्यांवर बसून माळव्यात आले, असे घरात सांगतात. एवढी मजल मारणाऱ्या घराण्यात आमच्या थोरल्या ताईला मात्र मोटार सोसत नाही. ती धारला, आम्ही देवासला. मध्ये अवघे शंभर किलोमीटर. परंतु इंदूर येण्यापूर्वीच तिचा चेहरा पांढराफटक पडतो आणि हातातले लिंबू नाकाशी जाते. गाडी लागणे म्हणजे काय, हे ज्याला ती लागत नाही त्याला कळत नाही, तो हसतो. आम्हीही पुष्कळ हसलो आहोत.

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवास टांझानियात अरुशा येथे नोकरी लागली. त्याने आम्हां उभयतांस बोलावले. आम्ही नकाशा पसरला आणि सात दिवसांत टारांगिरे, गोरोंगोरो, सेरेंगेटी असा भरगच्च बेत आखला. ताईला फोनवर सहज म्हणालो, "तुला गाडी लागते, नाहीतर तुलाही नेलं असतं."

ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं सगळे हेच सांगतात. 'येतेस का?' असं कुणी विचारलंच नाही रे."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. किती लग्ने, किती बारशी, किती सहली! दर वेळी ताईने घर सांभाळले, आणि तिला मागे ठेवणे ही आमची माया, असे आम्ही मानीत आलो. त्यात माया थोडी आणि आमची सोय अधिक होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावले, की कानाच्या आतील भागात शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. गाडी हलते हे त्याला कळते. परंतु डोळे गाडीतच खिळलेले असले, तर ते सारे स्थिर असल्याची ग्वाही देतात. या दोन साक्षी जुळत नाहीत, आणि मळमळ सुरू होते. चालकाला गाडी सहसा लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला आधीच दिसते. म्हणून पुढची जागा, दूरवर नजर, वाचन वर्ज्य, पोट ना रिकामे ना तुडुंब. गोळी घ्यावयाची ती निघण्यापूर्वी, आणि तीही वय व इतर औषधे पाहून. तिने गुंगी येते. पीतज्वराच्या लशीबद्दलही त्यांनी बजावले. केनियामार्गे परतणार, म्हणून ती निदान दहा दिवस आधी हवी. पण ताईची साठी उलटलेली, तेव्हा तपासल्यावाचून टोचणे नाही.

मग बेतच बदलला. सेरेंगेटी अरुशाहून तीनशे किलोमीटरांहून दूर, वाटेचा बराच भाग कच्चा आणि हादऱ्यांचा. ते नाव खोडले. गोरोंगोरोच्या विवरात उतरणारी वाट उभी आणि वळणांची. तेही खोडले. खोडताना जीव हळहळला नाही, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. उरले टारांगिरे, सुमारे 120 किलोमीटर, बहुतेक डांबरी रस्ता. तेथेच चार मुक्काम. जून ते ऑक्टोबर या कोरड्या दिवसांत हत्तींचे कळप नदीकाठी जमतात. त्यांच्यामागे धावण्याचे कारण नाही. गाडी सावलीत उभी करून वाट पाहावयाची. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास. आपल्या 'सफर' शब्दाचेच ते अरबी मूळ. प्रवास धावतच करावा, असे त्या शब्दात कोठेही नाही.

तालीम म्हणून गेल्या महिन्यात धारहून मांडूला निघालो. अंतर सुमारे 35 किलोमीटर. सकाळी पोहे-जिलबीचा मोह टाळून ताईने एक दशमी खाल्ली, डॉक्टरांनी दिलेली गोळी घेतली आणि आलेपाकाची वडी तोंडात धरून पुढे बसली. निम्मी वाट सुखाने सरली. घाटाच्या वळणांवर मात्र तिने हात वर केला. गाडी थांबली. उलटी झाल्यावर ती ओशाळून म्हणाली, "बघ, तुमचा सगळ्यांचा खोळंबा केला."

आम्ही पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तिच्याजवळ दगडावर बसलो. दरीवरून वारा येत होता. दहा मिनिटांनी ती आपण होऊन उठली.

मांडूत गोरखचिंचेची प्रचंड झाडे आहेत. ती मूळची आफ्रिकेची; शतकांपूर्वी परदेशी माणसांबरोबर इकडे आली असे मानतात. टारांगिरेतही तीच झाडे, असे सांगताच ताईने त्या फुगीर बुंध्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "हे एवढ्या लांबून इथं रुजलं," ती म्हणाली, "मला तर चार दिवसांनी परतच यायचंय."

येत्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघे निघणार. विमानात पंखाजवळच्या जागा मागितल्या आहेत; तेथे हेलकावे कमी जाणवतात. परवा ताईचा फोन आला होता. घराची किल्ली शेजारी कोणाकडे ठेवावी, हे ती विचारीत होती. आजवर सर्वांच्या किल्ल्या तिच्याकडे असत.